बुटाच्या आत पाऊल नेमकं काय करतं आणि ते मोजायचं कसं: नेहमी येणारे प्रश्न

रनिंग ग्रुपवाले, फिजिओथेरपीची पोरं, अधूनमधून एखादे डायबेटिसवाले काका, सगळे फिरून फिरून तेच विचारतात, म्हणून एकदाच इथं लिहून ठेवतोय. क्रम वगैरे फार लावलेला नाही, जे हवं ते वाचा. फक्त एक गोष्ट जवळपास प्रत्येक उत्तरात येणारे: समोर जो आकडा ठेवलाय तो बुटाचा आहे, कातडीचा आहे की हाडाचा, हे आधी विचारायचं. बाकीचं त्यानंतर.

बूट हलला म्हणजे आतलं पाऊलही तसंच हललं ना? वेगळं मोजायचं कशाला?

नाही ना, सगळा घोळ तिथंच आहे. सिंहगड उतरताना अंगठ्याची नखं काळी का पडतात? बूट दगडावर टेकून थांबलेला असतो पण आतलं पाऊल अजून पुढं सरकत असतं, ते जाऊन पुढच्या भिंतीवर आपटतं, आणि बाहेरून व्हिडिओ काढला तर बूट आपला शहाण्यासारखा थांबलेला दिसतो. टाचेचं पण तेच, लेस सैल असली की प्रत्येक पावलाला टाच आतल्या आत वर-खाली होते आणि संध्याकाळी फोड येतो.

ही झाली आपल्याला जाणवणारी हालचाल. न जाणवणारी जास्त आहे. पळताना टाच आतल्या बाजूला कलंडते ती काही अंशांनीच, आणि तेवढ्यात सोलचा फोम एका बाजूनं दबतो, वरचं कापड ताणलं जातं, टाचेमागचा कडक कप थोडा वाकतो. म्हणजे बूट जितका कलंडला तितकं टाचेचं हाड कलंडलं असं धरता येत नाही. बहुतेक वेळा हाड कमी कलंडलेलं असतं.

पण पाऊल एवढं हलतं तरी काय? घोटा सोडला तर एकच तर तुकडा आहे.

एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे आहेत, एक तुकडा कुठला! टाच टेकते साधारण बाहेरच्या कडेवर, मग पाऊल आतल्या बाजूला झुकतं, कमान थोडी खाली येते, पाऊल किंचित लांब आणि रुंद होतं. याला सगळे प्रोनेशन म्हणतात आणि ऐकून घाबरतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही, प्रत्येक निरोगी पाऊल हे करतं, धक्का पचवायची ती एक पद्धत आहे. मग टाच उचलली की बोटं मागं वाकतात, तळव्याखालचा जाड पट्टा बोटांच्या बुडाशी गुंडाळला जाऊन ताणला जातो आणि कमान परत वर उचलली जाते, पाऊल कडक होतं आणि मग ढकलतं. हिक्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५४ मध्ये हे मांडलं, रहाट फिरवून दोर गुंडाळतात तसली ही यंत्रणा.

आता हे सगळं बुटात होताना, सोल जर खूप कडक असेल (हल्लीचे कार्बन प्लेटवाले बघा) तर बोटं तेवढी वाकतच नाहीत. मग कमानीचं काय होतं? हा प्रश्न बाहेरून बघून सुटत नाही, म्हणून आत मोजायची धडपड.

सगळ्यात खरं मोजमाप कुठलं?

हाडात पिना ठोकून. चेष्टा नाही करत.

१९९० च्या दशकात कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठाच्या बेनो निग यांच्या टीमनं स्वीडनमधल्या डॉक्टरांबरोबर हे केलं. तेवढ्याच जागेला भूल देऊन नडगीच्या हाडात आणि टाचेच्या हाडात बारीक स्टीलच्या पिना बसवल्या, पिनांच्या टोकाला मार्कर (कॅमेऱ्याला दिसणाऱ्या छोट्या खुणा) लावले, आणि मग त्या लोकांना पळायला लावलं. एका अभ्यासात माणसं फक्त ५, आणि ते समजण्यासारखं आहे, कोण येणार हो पायात पिना घालून घ्यायला? त्याच वेळी बुटावर आणि कातडीवर पण मार्कर होते, त्यामुळं तिन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून बघता आले.

निघालं असं की हालचालीचा आकार म्हणजे ग्राफचा चढ-उतार साधारण जुळतो, पण बुटावरचे मार्कर टाचेचं आतल्या बाजूला कलंडणं जास्त दाखवतात, हाड प्रत्यक्षात तेवढं जात नाही. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याच गटानं पुढं वेगवेगळ्या सोलचे बूट आणि वेगवेगळे इनसोल (बुटाच्या आतल्या गाद्या) घालायला देऊन हाडं मोजली, तर बूट बदलल्यानं हाडाच्या हालचालीत पडणारा फरक छोटा निघाला आणि तो सगळ्यांमध्ये एका दिशेनं पण नव्हता. माणसामाणसातला फरक मात्र भरपूर. 'हा बूट तुमचं पाऊल सरळ करेल' हे वाक्य दुकानात ऐकलं की मला ह्या पिना आठवतात.

नंतर २००७-०८ च्या सुमारास नऊ हाडांमध्ये पिना घालून चालताना आणि हळू पळताना मोजलं गेलं, अनवाणी. तेव्हा कळलं की टाचेच्या पुढची छोटी हाडं, जी आपण एक ठोकळा म्हणून धरून चालतो, ती एकमेकांत चांगलीच हलतात.

पिना घालणं तर शक्य नाही, मग लॅबमध्ये काय करतात?

बुटाला भोकं पाडतात. टाचेच्या मागं, बाजूला, चवड्याच्या वर, जिथं हाड कातडीच्या लगेच खाली लागतं तिथं बूट कापून खिडकी करायची आणि आतल्या कातडीवर मार्कर चिकटवायचा, तो मार्कर खिडकीतून बाहेर डोकावतो आणि इन्फ्रारेड कॅमेरे त्याला पकडतात.

ऐकायला सोपं आहे पण खिडकी केवढी ठेवायची यावरच अभ्यास झालेत. लहान ठेवली तर मार्कर कडेला घासतो, हलतो, कधी उडूनच जातो. मोठी केली तर टाचेच्या कपाचा कडकपणा जातो, मग तुम्ही जो बूट मोजताय तो दुकानात मिळणारा बूटच उरत नाही. अडीच सेंटीमीटरच्या आसपास व्यास असेल तर बुटाची ताकद फार बिघडत नाही असं साधारण मानतात. त्यात घाम आला की टेप सुटते, पंख्याखाली पाय वाळवत बसा. आणि प्रत्येक मॉडेलचा एक जोड कापून वाया जातो तो वेगळाच, दहा-बारा हजारांच्या बुटाला कटर लावताना हात थरथरतो हे खरंय.

शिवाय ही कातडीची हालचाल झाली, हाडाची नाही. कातडी हाडावर सरकते. तरी बुटापेक्षा कातडी बरी.

सँडल घालून मोजलं तर?

करतात की. पट्ट्यांचे रनिंग सँडल वापरून बरेच प्रयोग झालेत, कारण पाऊल उघडं दिसतं आणि खाली सोल पण असतो. फक्त सँडलमधलं उत्तर बंद बुटाला जसंच्या तसं लावू नका, वरची पकड वेगळी असते. कोल्हापुरीत किंवा साध्या रबरी चपलेत तर ती निसटू नये म्हणून बोटं काम करत असतात, तो वेगळाच विषय.

एक्स-रेनं आरपार दिसेल ना सरळ?

दिसतं. दोन बाजूंनी दोन एक्स-रे व्हिडिओ मशीन लावायची, मध्ये पाऊल टाकायचं, आधी काढलेल्या सीटी स्कॅनमधून हाडांची थ्रीडी मॉडेल बनवायची आणि प्रत्येक फ्रेमला ती सावलीवर बसवायची. अमेरिकेत ब्राउन विद्यापीठात ह्या प्रकारावर बरंच काम झालंय. अचूकता मिलिमीटरच्या आत जाते, कातडी सरकायचा प्रश्न नाही, बूट कापायचा प्रश्न नाही.

अडचणी? दिसणारी जागा इवलीशी, एकच पाऊल त्यात नेमकं पडायला हवं आणि तेही नैसर्गिक, खाली बघत लंगडी खेळल्यासारखं नाही. दुसरा पाय मध्ये येतो. रेडिएशन आहे, पावलासाठी कमी असलं तरी आहे, त्यामुळं शंभर पावलं काढू शकत नाही. बुटात धातू असेल तर सावली पडते. आणि हाडं बसवायचं काम तासन्‌तास चालतं. संशोधनाला उत्तम, तुमच्या-माझ्या गुडघेदुखीसाठी कुणी हे करणार नाही.

प्रेशर इनसोल घातला होता, रंगीत चित्र आलं. म्हणजे पावलाची हालचाल मोजली का?

नाही. हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे, त्यामुळं जरा सविस्तर.

प्रेशर इनसोल सांगतो की तळव्याच्या कुठल्या भागावर, कुठल्या क्षणी, किती दाब आला. हालचाल म्हणजे हाड किती अंश फिरलं, ते त्याला कळत नाही. आतल्या कडेवर लाल जास्त दिसलं म्हणजे पाऊल आत कोसळलं असं लगेच म्हणता येत नाही, सोलचा फोम तिथं कडक असू शकतो, तुमचा इनसोल तिथं उंच असू शकतो, अंगठ्याच्या बुडाशी हाड मोठं असू शकतं.

प्रकार बरेच आहेत. जर्मनीतल्या म्युनिकच्या नोव्हेल कंपनीचा पेडार घ्या, एका इनसोलमध्ये ९९ सेन्सर, कपॅसिटरच्या तत्त्वावर चालणारे. टेकस्कॅनचा एफ-स्कॅन कागदासारखा पातळ असतो, कात्रीनं कापून मापाला बसवतात, त्याचं तत्त्व रेझिस्टन्सचं. मोटिकॉन म्हणून आहे, त्यात दाबाचे १६ सेन्सर आणि वर हालचालीचा एक सेन्सर, वायर नाही, त्यामुळं बाहेर रस्त्यावर पळता येतं. कोणता चांगला म्हणाल तर कशासाठी पाहिजे त्यावर आहे. सेन्सर जास्त म्हणजे लहान जागेवरचा टोकाचा दाब नीट पकडला जातो, सेन्सर कमी म्हणजे एकूण भार आणि वेळ पकडायला पुरतं पण एका हाडाखालचा दाब आजूबाजूला पसरून कमी दिसतो.

वापरताना ह्या गोष्टी हमखास चुकतात: इनसोलला एक सुरकुती पडली की तिथं खोटा लाल ठिपका येतो. बुटात गेल्यावर पाच-दहा मिनिटं चालल्याशिवाय रेकॉर्ड केलं तर आकडे सरकत राहतात, कारण आत ऊब वाढते, मटेरियल दबतं. कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या दाबाशी सेन्सरचे आकडे जुळवून घेणं) जुनं असेल तर डावा-उजवा फरक दिसतो जो तुमच्या पायात नाहीच. आणि इनसोल स्वतः जागा खातो, घट्ट बूट आणखी घट्ट होतो.

आणखी एक, हे बहुतेक इनसोल फक्त सरळ खाली येणारा दाब घेतात. कातडी घासली जाते तो आडवा जोर ते घेत नाहीत, आणि फोडांना तोच जास्त जबाबदार.

मग डायबेटिसवाल्यांना हे का करायला सांगतात?

कारण तिथं प्रश्नच दाबाचा असतो. तळव्याची संवेदना गेली की खडा टोचलेला कळत नाही, एकाच जागी रोज जास्त दाब पडत राहतो आणि जखम होते. ज्यांना एकदा जखम होऊन भरलेली आहे त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात बुटाच्या आतला कमाल दाब २०० किलोपास्कलच्या (हे दाबाचं एकक) खाली आणा, किंवा निदान ३० टक्के तरी कमी करा, असं सांगितलेलं आहे. बुटात इनसोल घालून चालवायचं, लाल जागा बघायची, पॅड बदलायचं, परत चालवायचं. इथं आकडा सरळ उपयोगी पडतो, रनिंगमध्ये तो तेवढा सरळ पडत नाही. आणि हे स्वतः घरी करायचं काम नाही, पाय दाखवायला डॉक्टरकडेच जा.

ही कल्पना कधीची आहे? स्मार्ट शूज तर आत्ता आत्ता आलेत.

आत्ता कुठले! फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारे म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांनी १८७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बुटाच्या रबरी तळात हवेची पोकळी ठेवली होती. पाऊल टेकलं की हवा दबायची, नळीतून तो दाब माणसाच्या हातातल्या छोट्या यंत्रापर्यंत जायचा आणि फिरत्या ड्रमवर रेघ उमटायची. पळणारा माणूस यंत्र हातात घेऊन पळतोय असं चित्र त्यांच्या पुस्तकात आहे. पाऊल कधी टेकलं, किती वेळ टेकलेलं होतं, हे त्यावरून कळायचं, जे आजचं घड्याळ पण मुख्यतः तेच सांगतं.

मग भारताशी जोडलेला भाग. पॉल ब्रँड, जन्म तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला, १९४६ पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात सर्जन. कुष्ठरोग्यांची पावलं झडतात ती रोगानं कुजून नाही, तर संवेदना गेल्यानं न कळणाऱ्या दाबामुळं, हे त्यांनी दाखवलं. पुढं ते १९६६ मध्ये अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तिथं त्यांच्या टीमनं मोजेच बनवले, ज्यात रंगाच्या बारीक बारीक कुप्या होत्या. मोजा घालून बुटात चालायचं, जिथं दाब जास्त तिथल्या कुप्या फुटून डाग पडतो. ना बॅटरी ना वायर. आपल्याकडं मेडिकलवाल्यांकडं मधुमेहींसाठी जी एमसीआर चप्पल मिळते, मायक्रोसेल्युलर रबराची, ती कुष्ठरोग्यांसाठीच्या ह्याच कामातून पुढं आलेली आहे.

बाजारातले प्रयोग पण जुने आहेत. आदिदासचा मायक्रोपेसर १९८४ चा, पुमाचा आरएस कॉम्प्युटर शू १९८६ चा, तो तर पळून आल्यावर वायरनं घरच्या कॉम्प्युटरला जोडायचा. २००५ मध्ये आदिदासनं टाचेत चुंबक आणि सेन्सर घातलेला बूट काढला, टाच किती दबली ते मोजून आतली छोटी मोटर कुशन बदलायची. भारी होतं पण महाग आणि जड, टिकलं नाही. २००६ मध्ये नायकीचा बिल्ला आला, डाव्या बुटात इनसोलखाली खड्डा, त्यात सेन्सर, आणि आयपॉडवर वेग.

लेसला लावायचा पॉड, म्हणजे तो छोटा सेन्सर, प्रोनेशनचा आकडा देतो. विश्वास ठेवू का?

तो आकडा बुटाचा आहे. सुरुवातीला म्हटलं ना, पहिला प्रश्न तोच.

पॉडमध्ये दोन गोष्टी असतात, एक प्रवेग मोजते आणि एक फिरण्याचा वेग मोजते. फिरण्याच्या वेगाची बेरीज करत गेलं की कोन मिळतो, पण बेरजेत प्रत्येक वेळी थोडी चूक शिरते आणि ती साचत जाते. यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअर प्रत्येक पावलाला तो क्षण शोधतं जेव्हा पाऊल जमिनीवर स्थिर आहे, आणि तिथं वेग शून्य धरून चूक पुसून टाकतं. चालताना हे छान जमतं कारण पाऊल बराच वेळ सपाट टेकलेलं असतं. पळताना तो क्षण फार छोटा असतो, आणि चवड्यावर पळणाऱ्याचं पाऊल धड स्थिर होतच नाही, तिथं हिशेब डळमळतो.

दुसरं, टाच आपटताना येणारा धक्का सेन्सरच्या मर्यादेबाहेर गेला की वरचं टोक कापलं जातं, आणि आकडा चुकला हे पॉड तुम्हाला सांगत नाही.

म्हणून वापरायचा असा: तोच बूट, तीच जागा, तशीच लेस, आणि स्वतःचीच स्वतःशी तुलना. महिन्याभरापूर्वी दहाव्या किलोमीटरला काय होतं आणि आज काय आहे. मित्राच्या आकड्याशी ताडून बघू नका, त्याचा बूट वेगळा, पॉडचा कोन वेगळा. पावलांची गती, जमिनीवर टेकण्याचा वेळ, ह्या गोष्टी पॉड चांगल्या देतो, त्या घ्या.

सेन्सर सरळ टाचेच्या कातडीलाच चिकटवून वर बूट घातला तर?

लोकांनी केलंय. पण टाचेमागचा कप त्या सेन्सरला दाबतो, ढकलतो, म्हणजे तो परत अर्धा बुटाचाच आकडा होतो. वर फोड येतो. पातळ लवचिक सेन्सरवर काम चालू आहे आणि पुढं मागं हाच रस्ता चालेल असं मला वाटतं, पण आज तरी लॅबच्या बाहेर भरवशाचं काही नाही.

दुकानात ट्रेडमिलवर पळवलं, मागून व्हिडिओ काढला, म्हणाले तुमचं ओव्हरप्रोनेशन आहे, सपोर्टवाला बूट घ्या. काय करू?

आधी विचारा की मागून काय बघितलं. बूट घालून पळवलं असेल तर बुटाची मागची शिवण कलंडलेली बघितली, हाड नाही. अनवाणी पळवलं असेल तर तुम्ही अनवाणी कसे पळता ते बघितलं, बुटात कसे पळता ते नाही.

आणि समजा प्रोनेशन खरंच जास्त आहे, तर? डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्या धावपटूंना सगळ्यांना एकसारखा साधा न्यूट्रल बूट देऊन वर्षभर बघितलं, २०१४ मध्ये ते छापून आलं. पाऊल आत झुकणाऱ्यांना जास्त दुखापती झाल्या असं काही दिसलं नाही. अमेरिकेच्या सैन्यात तर तळव्याचा आकार बघून बूट वाटायचा प्रयोग झाला, उंच, मध्यम आणि सपाट कमानीच्या पायांना तीन प्रकारचे बूट, आणि दुसऱ्या गटाला सरसकट एकच. दुखापतींमध्ये म्हणावा असा फरक नाही. बेनो निग यांचं नंतरचं म्हणणं तर असं की जो बूट पायात आरामदायक वाटतो तो घ्या, शरीराला स्वतःचा एक आवडता मार्ग असतो आणि ते तोच धरू बघतं. माझं पण मत तेच. दुकानदार वाईट असतो असं नाही, त्याला पण शिकवलेलं तेवढंच असतं. दुखत असेल तर मात्र व्हिडिओवर न जाता फिजिओकडे जा.

चालण्याची आणि पळण्याची मोजणी एकाच सेटिंगवर चालेल का?

नको. चालताना एका पावलाच्या चक्रातला साधारण ६० टक्के वेळ पाय जमिनीवर असतो, धक्का वजनाच्या सव्वापटीच्या आतबाहेर. पळताना जमिनीवरचा वेळ पाव सेकंदाच्या आसपास उरतो आणि जोर वजनाच्या दोन-तीन पट. आता हिशेब करा, सेकंदाला ५० वेळा मोजणारा इनसोल पळताना एका पावलात जेमतेम १२ नोंदी घेईल, त्यात टाच टेकल्याबरोबरचं टोक निसटलंच म्हणून समजा. चालण्यासाठी ५० ठीक आहे, १०० चांगलं, पळण्यासाठी कॅमेरे २०० किंवा वर. हालचालीचे सेन्सर त्याहून जास्तच ठेवतात.

मोबाइलवर घरी काही करता येईल?

थोडंफार. स्लो मोशन २४० फ्रेमवर लावा, मोबाइल जमिनीलगत ठेवा, मागून आणि बाजूनं घ्या. टाच बुटातून किती उचलली जाते ते बघायचं असेल तर बुटाच्या कडेला मोजा जिथं लागतो तिथं एक रंगीत टेपची पट्टी मोज्यावर चिकटवा, कडेच्या वर किती डोकावते ते दिसतं. घोटा वाकल्यानं पण पट्टी थोडी हलते, त्यामुळं एकाच बुटात लेस सैल आणि घट्ट अशी तुलना करा, मिलिमीटर लिहीत बसू नका. जुन्या बुटातला इनसोल बाहेर काढून बघा, बोटांचे खड्डे दोन-दोन उमटलेले असतील तर पाऊल आत सरकतंय.

ओल्या पावलाचा फरशीवरचा ठसा? तो उभं राहिल्याचा असतो. पळताना काय होतं याचा त्याला पत्ता नाही.

लेस आणि मोज्यांनी खरंच फरक पडतो?

लेसनं पडतो. जर्मनीत झालेल्या एका अभ्यासात वरपर्यंत सगळ्या भोकांतून घट्ट बांधलेल्या लेसमुळं पाऊल आत झुकण्याचा वेग आणि टाचेवरचा दाब दोन्ही कमी आले. फुकटचा उपाय आहे. मोजे: जाड मोजा, घसरडा मोजा, सगळ्यानं आकडे हलतात, म्हणून दोन्ही वेळेस तोच प्रकार घाला.

भारतीय पावलांचं माप वेगळं आहे म्हणतात, त्याचा इथं संबंध आहे का?

आहे पण आडून. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं, म्हणजे सीएलआरआयनं, डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ मध्ये देशभर लाखभर लोकांची पावलं थ्रीडी स्कॅन केली, त्यातून 'भा' नावाची भारतीय साइझ पद्धत सुचवली. आपली पावलं सर्वसाधारणपणे रुंद आहेत, त्यामुळं रुंदी मिळावी म्हणून आपण एक नंबर मोठा घेतो आणि मग लांबीत जागा उरते, पाऊल आत सरकतं. नखं काळी होण्यात ह्याचाही वाटा असणार. पण हे स्कॅन उभ्या पावलाचं आहे, चालत्या पावलाचं नाही.

फिजिओचा प्रोजेक्ट करतोय सर, रिपोर्टमध्ये काय लिहायला विसरू नये?

मार्कर किंवा सेन्सर कशावर होता: बूट, कातडी, मोजा. बूट कापला असेल तर भोक केवढं आणि कुठं. आणि शून्य कुठं धरला हे नक्की, कारण यावर कुणी बोलतच नाही. बुटात टाच चवड्यापेक्षा १० मिलिमीटर उंच असेल तर नुसतं उभं राहिल्यावरच पाऊल तीनेक अंश खाली झुकलेलं असतं. एकानं ते शून्य धरलं आणि दुसऱ्यानं अनवाणी उभं राहून शून्य धरलं तर दोघांचे ग्राफ तीन अंशांनी सरकणार आणि लोक म्हणणार बुटानं फरक पडला. ऑक्सफर्ड फूट मॉडेल (पावलाचे भाग पाडून त्यांच्यातले कोन काढायची पद्धत) वापरणार असाल तर ते मुळात उघड्या पावलासाठी बनलेलं आहे, नडगी, मागचं पाऊल, पुढचं पाऊल आणि अंगठा असे भाग त्यात आहेत. तेच मार्कर बुटाच्या कापडावर लावून मधल्या सांध्यांचे कोन छापू नका. बुटावर मार्कर लावून गुडघा, खुबा, पावलाची लांबी, वेळ हे बघत असाल तर काहीच हरकत नाही, ते चालतं.

पावलं भरपूर घ्या. एका पावलावरून निष्कर्ष काढलेले रिपोर्ट बघितलेत मी, प्लीज नको.

डाव्या आणि उजव्या पायात फरक आलाय रिपोर्टमध्ये, काही गडबड आहे का?

थोडा फरक सगळ्यांमध्येच असतो, दोन्ही पावलं तंतोतंत सारखी कुणाचीच नसतात. आधी उपकरणावर संशय घ्या. पॉड असेल तर डाव्याचा उजव्याला लावून परत पळा, फरक पॉडबरोबर दुसऱ्या पायाला गेला तर दोष पॉडचा. इनसोल असे अदलाबदल करता येत नाहीत, तिथं परत कॅलिब्रेट करून बघायचं. मग बूट बघा, एका बुटाचा सोल जास्त झिजलाय का, टाचेचा कप एका बाजूला बसलाय का. मग रस्ता, आपल्याकडं रस्ते पाणी वाहून जायला कडेला उतरते असतात आणि रोज एकाच बाजूनं पळलं की एक पाय सतत उतारावर पडतो. हे सगळं तपासून झालं आणि तरी फरक तेवढाच, शिवाय त्या बाजूला दुखतंय पण, तर रिपोर्ट आणि झिजलेले बूट दोन्ही घेऊन फिजिओकडे जा, नवीन बूट घालून नाही.